आधी वाढप बदला, मग पदार्थ

घरातल्यांचं खाणं सुधारायचं आहे, पण कुणी साथ देत नाही, अशी पत्रं या महिन्यात बरीच आली. घरं वेगळी, अडचण एकच. त्यांतली काही पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत. नावं छापलेली नाहीत.

आमचं सहा जणांचं घर आहे. सासू-सासरे सत्तरीचे, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ. नवऱ्याचं एचबीए१सी ६.१ आलं आणि मी एका सोमवारपासून साखर, भात, मैदा, तळण सगळं बंद केलं. गुरुवारी सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं, मुलांनी बाहेरून मागवलं आणि नवरा म्हणाला, असं जगण्यापेक्षा गोळी परवडली. आता पुन्हा सुरुवात कशी करू? (पुणे)

हेतू बरोबर होता, क्रम चुकला. ६.१ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा (५.७ ते ६.४ या टप्प्याला तसं म्हणतात). हा आकडा रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, म्हणून पुढची तपासणीही साधारण तीन महिन्यांनीच करतात. तेव्हा तुमच्या हातात सहा पंधरवडे आहेत. एका पंधरवड्यात एकच गोष्ट बदलायची आणि ती शक्यतो न सांगता बदलायची. ‘आजपासून आपण पौष्टिक खाणार’ ही घोषणा झाली की पुढचं प्रत्येक जेवण वादाचा विषय होतं.

पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त मोजा. मोजायचं ताटात नाही, वाण्याच्या यादीत. सहा जणांच्या घरात महिन्याला तेल तीन लिटरच्या आत, साखर-गूळ मिळून तीन किलोच्या आत आणि मिठाचा किलोचा पुडा जवळजवळ चाळीस दिवस पुरला, तर तुमचं घर ठीक चाललं आहे असं समजा. म्हणजे माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, अर्धा किलो साखर आणि दिवसाला चार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आहे. उरलेला एक ग्रॅम फरसाण, पाव, बिस्किटं यांतून जातोच. तुमच्या यादीत जो आकडा यापेक्षा सगळ्यात लांब असेल, तिथे पुढे जास्त वेळ द्यायचा.

पहिल्या पंधरवड्यात काहीही काढायचं नाही, घालायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत २००० कॅलरींच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत; धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मासे-मांस) ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम. आपल्या ताटाशी हे ताडून पाहिलं की दिसतं, की पोळी-भात भरपूर आणि भाजी डावभर, असं आपलं वाढप आहे. पण आज अर्धा किलो भाजीत सहा जण जेवत असतील तर एकदम अडीच किलोवर जाऊ नका. भाजी उरेल, शिळी होईल, आणि ‘उगाच आणली’ हे ऐकावं लागेल. पाऊण किलोवर या, आणि पानं वाढताना कोशिंबीर पोळीच्या आधी वाढा. गाजर, काकडी, मुळा, टोमॅटो, कोबी, जे असेल ते. पोळ्या तव्यावर असतात त्या पाच-सात मिनिटांत भुकेली माणसं समोरचं खातात. तेवढ्या वेळात वाटीभर कोशिंबीर संपते. नवऱ्याच्या दृष्टीने यात आणखी एक फायदा आहे: भाजी आणि वरण आधी, पोळी-भात नंतर, या क्रमाने जेवलं की जेवणानंतरची साखर कमी चढते.

दुसऱ्या पंधरवड्यात डाळ. एक वाटी तूरडाळ शिजवून तिची सहा जणांना आमटी केली की माणशी जेमतेम वीस ग्रॅम डाळ पोटात जाते. आमटी दाट करा आणि रोज एक जास्तीचा पदार्थ आणा: एक दिवस उसळ, एक दिवस पिठलं, सकाळी मुगाची धिरडी, भाजीत मूठभर हरभऱ्याची डाळ. डाळ वाढली की पोळी आपोआप कमी खाल्ली जाते. ‘एक पोळी कमी खा’ असं कुणाला सांगावं लागत नाही, आणि सांगूही नये.

तिसऱ्यात तेल (पुढच्या पत्राचं उत्तर पाहा), चौथ्यात आठवड्यातून दोन रात्री ज्वारीची भाकरी, पाचव्यात चहाची साखर. सहावा राखून ठेवा, कारण मधे कुठेतरी लग्न, आजारपण किंवा परीक्षा येते आणि एक पंधरवडा हमखास वाया जातो. तसं झालं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही. जिथे थांबलात तिथून पुढे.

तीन ठिकाणी घरं हमखास घसरतात. एक, साखरेऐवजी गूळ आणून तो सढळ हाताने वापरणं. शंभर ग्रॅमला साखरेत ४०० आणि गुळात त्याहून थोड्याच कमी कॅलरी असतात, आणि रक्तातली साखर दोन्हींनी चढते. दोन, संध्याकाळचं खाणं काढून टाकणं. पाच वाजता मुलांना खरी भूक असते. घरात काही नसेल तर ती बाहेरून मागवणारच. त्या वेळेला उकडलेलं कणीस, फुटाणे आणि केळं, दडपे पोहे, भाज्या घालून केलेलं थालीपीठ यांपैकी काहीतरी तयार हवं. फरसाणाचा डबा मात्र ओट्यावरून हलवून वरच्या फळीवर जाऊ द्या. तीन, सणाला हात लावणं. पुरणपोळी पुरणपोळीसारखीच करा, वर तूपही घ्या. वर्षातल्या पंधरा-वीस दिवसांनी कुणाची तब्येत बिघडत नाही. सणाचे उरलेले लाडू-करंज्या पुढे तीन आठवडे चहाबरोबर चालतात, त्याने बिघडते. म्हणून कमी करायची ती घाण्याची संख्या.

मुलगी तेरा वर्षांची आहे म्हणून एक वेगळं सांगतो. पाळी सुरू झालेल्या मुलींना लोहाची गरज वाढते. पालेभाजी, कडधान्य यांतलं लोह अंगी लागायला सोबत लिंबू, आवळा, पेरू असं काही आंबट-ताजं लागतं आणि चहा त्याच्या आड येतो. जेवणाच्या मागेपुढे तासभर तिला चहा नको.

आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलं दोन. स्वयंपाकाला मावशी येतात. हात चांगला आहे, पण भाजीवर तेलाचा तवंग असतो. दोनदा सांगितलं, चार दिवस फरक पडतो आणि पुन्हा तेच. (ठाणे)

‘तेल कमी घाला’ या सूचनेला माप नाही, म्हणून ती टिकत नाही. मावशी चार घरी स्वयंपाक करतात आणि प्रत्येक घरी ‘कमी’ वेगळं असतं. शिवाय बेचव भाजीबद्दल बोलणी त्यांनाच खावी लागतात, म्हणून त्या आपल्या बाजूने सुरक्षित राहतात. तेलाचा डबा आत ठेवा आणि रोज सकाळी एका छोट्या बाटलीत दिवसाचं तेल काढून द्या: चौघांना ६५ मिलिलिटर, म्हणजे पोह्याच्या चमच्याने (५ मिलिलिटर) सपाट तेरा चमचे. पहिल्या आठवड्यात सध्या लागतं तेवढंच काढून मोजा. समजा ते १२० भरलं. मग दर आठवड्याला १५ कमी करा. महिन्याभरात साठ-पासष्टवर याल आणि चवीत मोठा धक्का कुणालाच बसणार नाही.

आता तेल जातं कुठे ते पाहा. भाजी डोळ्याला दिसते म्हणून तिला दोष लागतो, पण बारा घडीच्या चपात्यांना आतून-बाहेरून मिळून प्रत्येकी अर्धा चमचा म्हटलं तरी ३० मिलिलिटर तिथेच संपतं. फुलके केले आणि वरून हवं त्याने अर्धा चमचा तूप घेतलं, तर निम्मा प्रश्न सुटला. दुसरी जागा पोह्या-उपम्याची. तिसरी दाण्याचं कूट आणि सुकं खोबरं. कूट चांगलंच आहे, पण त्यात निम्मं तेल असतं. ज्या भाजीत दोन मोठे चमचे कूट पडणार, तिच्या फोडणीला एक चमचा तेल पुरतं.

कमी तेलात भाजी लागते, करपते, ही मावशींची खरी अडचण असते आणि तिला उपाय आहे. जाड बुडाची कढई घ्या. दोन-तीन चमचे तेल पुरतं तापवून मोहरी पूर्ण तडतडू द्या; घाईने भाजी लोटली की फोडणी कच्ची राहते आणि हात दुसऱ्या पळीकडे जातो. भाजी परतून कढईवर खोलगट ताटली ठेवा आणि तिच्यात पेलाभर पाणी ओता. आतली वाफ थंड ताटलीला लागून पाणी होते आणि भाजीवर ठिबकत राहते, त्यामुळे मंद आचेवर भाजी स्वतःच्या रसात शिजते. मधे ओलावा लागलाच तर त्याच ताटलीतलं गरम पाणी चमचा-दोन चमचे घाला. गार पाणी घातलं की शिजणं थांबतं आणि भाजी पाणचट होते. फ्लॉवर, गवार, कोबी, दुधी, तोंडली यांना हे उत्तम. भेंडीला मात्र झाकण चालत नाही, ती चिकट होते. भेंडी धुऊन पुसून कोरडी करा, उघडीच परता, दोन आमसुलं टाका, आणि तिला एक चमचा तेल जास्त द्या.

भाजी वाढवणार असाल तर निवडण्या-चिरण्याचा वेळही वाढतो. तो मावशींच्या ठरलेल्या तासात फुकट बसवू नका. रात्री टीव्हीसमोर बसून घरातल्यांनी भाजी निवडून ठेवावी, किंवा जास्तीच्या वेळेचे पैसे द्यावेत.

वडील ७२ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्हींच्या गोळ्या चालू. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. जेवताना लोणचं, पापड, वरून मीठ. काही बोललं की ‘आता किती दिवस राहिलेत’ म्हणतात. बहीण म्हणते कमी सोडियमचं मीठ आणून गुपचूप वापर. (कोल्हापूर)

गुपचूप तर अजिबात नको. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंड थकलेलं असेल, किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील (नावं ‘प्रिल’ किंवा ‘सार्टान’ने संपणाऱ्या, तसंच स्पायरोनोलॅक्टोन), तर रक्तात पोटॅशियम साचतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका.

दुसरी सावधगिरी साखरेची. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भात-पोळी-साखर एकदम कमी केली की रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी लागते. म्हणून आधी डॉक्टरांना सांगा की आम्ही घरी हे-हे बदलणार आहोत. गोळीचं प्रमाण त्यांनी ठरवू दे. आणि वडील रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी घेत असतील तर पालेभाज्या अचानक वाढवू नका, त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम बदलतो.

आता चहा. दहा चमचे म्हणजे रोज ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. आधी कप बदला: मोठ्या मगाऐवजी ऐंशी-नव्वद मिलिलिटरचा जुना कप आणि त्यात दीड चमचा. दोन आठवड्यांनी सव्वा, मग एक, मग पाऊण. आलं, गवती चहा, वेलची वाढवत न्या. डॉक्टरांनी यापेक्षा लवकर कमी करायला सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. साखर घालून उकळलेला चहा सगळ्यांना एकत्र देऊ नका. साखर शेवटी, कपात, सपाट चमच्याने.

मिठाला वेळ द्यावा लागतो. कमी मिठाची चव अंगवळणी पडायला महिना-दोन महिने लागतात, पण एकदा पडली की जुनं जेवण खारट लागायला लागतं. दर पंधरा दिवसांनी आमटी-भाजीतलं मीठ दहावा हिस्सा कमी करा. ताटातलं पांढरं मीठ बंद करायच्या आधी त्याच जागी काहीतरी ठेवायला हवं: लिंबाची फोड आणि कारळ्याची किंवा जवसाची, निम्म्या मिठाची कोरडी चटणी. आंबट आणि तिखट असलं की मिठाची उणीव कमी जाणवते. लोणचं बरणीतून नाही, छोट्या वाटीत फोडीएवढंच घेऊन ताटात वाढा. पापड भाजून दिला म्हणून मिठाचा प्रश्न सुटत नाही. तेल वाचतं, पण पिठातलं मीठ आणि पापडखार तसेच राहतात, आणि पापडखारातही सोडियमच असतं. आठवड्यातून दोन पुरे.

‘किती दिवस राहिलेत’ याला वाद घालून उत्तर देऊ नका. त्यांना घरातलं एक काम द्या, जे त्यांच्याशिवाय होणार नाही. मंडईतून भाजी निवडून आणणं हे काम बऱ्याच वडीलधाऱ्यांना आवडतं. स्वतः पारखून आणलेली भाजी माणूस आवडीने खातो.

आई सोलापूरकडची, भाकरी झकास करायची. मी डोंबिवलीत तयार पीठ आणते, भाकरी थापतानाच तुटते. मुलं चपातीच मागतात. (डोंबिवली)

तुमच्या हाताचा दोष नाही, पिठाची विरी (चिकटपणा) गेली आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. पीठ जेवढं ताजं तेवढं ते धरून राहतं. दुकानातलं पीठ कधी दळलं कुणाला ठाऊक. मालदांडी ज्वारी दोन-दोन किलो आणून गिरणीतून बारीक दळून घ्या, आणि आठ-दहा दिवसांत संपवा. बाजरीच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून पीठ पटकन कडवट होतं. ती थंडीतच आणा आणि आठवड्याचीच दळा.

तोवर जुनं पीठ वाया घालवू नका, उकड काढा. एक वाटी पिठाला एक वाटी पाणी. पाणी खळखळून उकळलं की चिमूटभर मीठ, मग पीठ एकदम ओता, उलथण्याच्या टोकाने हलवा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसेल इतकं गरम असताना परातीत घेऊन तळहाताच्या टाचेने पाच मिनिटं मळा. गोळा बोटाने दाबल्यावर कडा फाटत नाही, इतका मऊ झाला पाहिजे. फाटत असेल तर पाण्याचा हात लावून आणखी मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका, एका वेळी एकाच भाकरीचं मळा.

खाली कोरडं पीठ भुरभुरवून थापा. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी उचलून पिठाची बाजू वर येईल अशी टाका आणि लगेच वरून सगळीकडे पाण्याचा हात फिरवा. पाणी पूर्ण सुकण्याच्या जरा आधी उलटायची, हीच नेमकी वेळ. सुकू दिली तर वर भेगा पडतात, फार लवकर उलटली तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू नीट भाजली की भाकरी थेट आचेवर धरा, फुगेल. फुगली नाही तर बहुधा मधे जाड आणि कडेला पातळ थापली गेली, किंवा उचलताना बारीकशी चीर पडली.

मुलांसाठी भाकरी तळहाताएवढी करा, वर घरचं लोणी, सोबत पिठलं. चपातीच्या कणकेत पहिले पंधरा दिवस चार वाट्या गव्हाला एक वाटी ज्वारी मिसळा, नंतर तीनाला एक. त्यापुढे गेलात तर लाटताना कडा फाटतात आणि डब्यात चपाती कडक होते. नाचणी मिसळायची तर दहाव्या हिश्श्यापासून, कारण रंग काळपट होतो आणि मुलं तो लगेच ओळखतात. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा थोडी का होईना जाऊ द्या.

एक गैरसमज मात्र काढून टाका. भाकरीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळजवळ सारख्याच. सत्तर ग्रॅमच्या दोन भाकरी म्हणजे १४० ग्रॅम पीठ, पंचवीस ग्रॅमचे चार फुलके म्हणजे १००. घरात कुणाची साखर वाढलेली असेल तर भाकरी झाली तरी मोजून.

सहा वर्षांचा मुलगा चपाती आणि बटाट्याची भाजी याशिवाय काही खात नाही. मागे लागून थकलो. (नाशिक)

मागे लागणं आजपासून थांबवा. मुलाला नवा पदार्थ पटायला तो दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो आणि बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या वेळेला ‘याला आवडत नाही’ म्हणून सोडून देतात. काय शिजणार आणि केव्हा वाढणार हे तुम्ही ठरवा. खायचं की नाही आणि किती, हे त्याच्यावर सोडा. बटाट्याच्या भाजीशेजारी चहाच्या चमच्याएवढी गवार ठेवा. त्याने ती नुसती हाताळली, वास घेतला, बाजूला ठेवली, तरी ती एक वेळ मोजा. ‘भाजी संपव मग चॉकलेट’ हा सौदा कधीच करू नका. भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, असं त्याच्या मनात पक्कं बसतं.

भूक लागू द्या. खाण्याच्या वेळा दिवसात पाच आणि मधे अडीच तास फक्त पाणी. दूध दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटरवर असेल तर आधी ते कमी करा, कारण दुधाने पोट भरलेलं मूल जेवत नाही आणि दुधातून लोहही मिळत नाही. आवडत्या पदार्थापासून एकेक पाऊल पुढे जा: बटाटा, मग बटाटा-मटार, मग बटाटा-फ्लॉवर, मग रताळ्याचे काप, चपाती, मग मेथीचे ठेपले, लाल भोपळ्याचे घारगे. भाजी नुसती दळून लपवू नका, कारण डोळ्यांना ती अनोळखीच राहते. मटार सोलायला, कोथिंबीर खुडायला त्याला बसवा. गिळगिळीत भाजी नको म्हणणारी पुष्कळ मुलं गाजर-काकडीचे लांब तुकडे कुरकुर करत खातात. वजन वाढत नसेल, घास अडकत असेल, किंवा पूर्वी खाल्लेले पदार्थही एकेक सुटत चालले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

कडधान्यं वाढवली आणि सगळ्या घराला गॅसेस. (नागपूर)

बहुधा एकदम वाढवलीत. कडधान्यातल्या काही शर्करा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. हळूहळू वाढवलं की आतडं जुळवून घेतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड माणशी एक मोठा चमचा (साधारण १५ ग्रॅम) कोरडं कडधान्य, मग दुप्पट. सुरुवात मूग-मटकीपासून, मग चवळी, आणि हरभरा, राजमा, वाटाणा सगळ्यात शेवटी.

मटकी आठ-दहा तास भिजवा, ते पाणी टाका. त्या शर्करांचा बराच भाग त्यासोबत जातो. दोनदा धुऊन, निथळून, सुती फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत चोवीसही लागतात. आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं. बुळबुळीत झाली असेल तर फेकून द्या. मोड कच्चे खाऊ नका, निदान वाफ काढा, आणि म्हातारी माणसं व गर्भवती यांना पूर्ण शिजवूनच द्या. सोडा घालू नका, त्याने बी-१ जीवनसत्त्व नासतं. फोडणीत हिंग-आलं, सोबत भरपूर पाणी. आणि उसळीला दोष देण्याआधी त्याच जेवणातलं दूध एक आठवडा थांबवून पाहा. दूध न पचणारी माणसं आपल्याकडे बरीच आहेत.

मल्टिग्रेन बिस्किटं मुलांना चालतील का? (लातूर)

पुड्याची पुढची बाजू सोडा, मागची वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पाम तेल, आणि नाचणी-ओट्स शेवटी दोन-तीन टक्के, तर ते मैद्याचं बिस्किटच. साखर ‘इन्व्हर्ट सिरप’, ‘ग्लुकोज सिरप’ अशा नावांनीही येते. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं.

उकडे तांदूळ सोडून ब्राउन राइस आणावा का? (म्हापसा)

गरज नाही. साळ (टरफलासकटचा तांदूळ) उकडताना कोंड्यातली बी जीवनसत्त्वं दाण्यात शिरतात, म्हणून साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा उकडा उजवा आहे. बदलायचं असेल तर वाढप बदला: भाताचा ढीग एका वाटीवर आणा, हुमणातले (माशांच्या आमटीतले) मासे तसेच ठेवा, तळलेला तुकडा आठवड्यातून एकदाच, आणि ताटात एक हिरवी भाजी आणा. जेवणात बहुधा तीच नसते.

घरात आठवड्याला तीन उपास असतात. साबुदाण्याला पर्याय सुचवा. (सातारा)

साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिन नावापुरतं. तो पूर्ण बंद न करता तीनपैकी एका उपासाला ठेवा, तोही एका वाटीला अर्धी वाटी कूट आणि पाव वाटी किसलेली काकडी घालून, बटाटा न घालता. उरलेल्या दोन दिवशी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, किंवा राजगिऱ्याच्या भाकरीबरोबर दही आणि लाल भोपळ्याचं भरीत. उपासाचा चिवडा आणि वेफर्स हे तळणच आहे, ते उपासात मोजू नका. घरात मधुमेहाच्या गोळ्या घेणारं कुणी असेल तर उपासाच्या दिवशी गोळी कधी आणि किती, हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या.

भगर (वरीचे तांदूळ) घेताना काळजी घ्या. भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या घटना आपल्या राज्यात उपासाच्या दिवसांत वारंवार घडल्या आहेत. दमट जागी पडून राहिलेल्या भगरीला आणि पिठाला बुरशी धरते, आणि तिचं विष शिजवूनही जात नाही. सुटं पीठ विकत घेऊ नका. तारीख छापलेलं, बंद पाकिटातलं अख्खं धान्य आणा, निवडून, तीनदा धुऊन, वाळवून लागेल तेवढंच घरी दळा, आणि जुन्या पाकिटाला कुबट वास आला तर ते टाकून द्या.